साभार पोच

मराठी नियतकालिकांच्या शेवटच्या पानांवर ‘साभार पोच’ नावाचे एक छोटे सदर असे. काही मासिकांत ते अजूनही टिकून आहे. त्यात वाचण्यासारखे काहीच नसे. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत, एवढेच. कधी खाली बारीक टाइपात सूचना असे की परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात. एम.ए.च्या दिवसांत जुने अंक चाळताना आम्ही हे पान ओलांडून पुढे जात असू. आज मात्र मला असे वाटू लागले आहे की, ग्रंथपरीक्षणाची जी काही नीती मराठीने कमावली होती, तिचा मोठा भाग या नीरस सदरात साठवलेला होता.

त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, पुस्तक भेट आले आहे हे चारचौघांत सांगितलेले असे. दुसरी, पोच फक्त मिळाल्याची होती, मताची नव्हती. ‘साभार’ या शब्दाने आभाराचे काम तिथेच संपे, ते पुढे परीक्षणात फेडायचे शिल्लक राहत नसे. आणि तिसरी, एकदा छापलेली नोंद कोणालाही पुसता येत नसे. आंतरजालावर परीक्षणाचे स्थलांतर झाले तेव्हा आपण पुस्तके नेली, लेखक नेले, वाचकही नेले. हे सदर मात्र मागे राहिले.

परीक्षण आंतरजालावर गेले म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत पुस्तकाला मिळणारी जागा आकसत गेली, तेव्हा ज्या कवितासंग्रहांची आणि संशोधनग्रंथांची कोणी दोन ओळींत दखल घेतली नसती, त्यांच्याविषयी कोणीतरी कुठेतरी सविस्तर लिहू लागले. हे लिहिणारे सगळे प्राध्यापक नव्हते, ही तर फारच चांगली गोष्ट झाली. शब्दमर्यादा गेली, अंक निघण्याची वाट पाहणे गेले. पण त्याबरोबर पुस्तक पाठवण्याची रीतही बदलली. आता कुरियरने प्रत येते किंवा फोनवर पीडीएफ येते, आणि सोबत एक गोड ओळ असते: ‘वाचा, आवडल्यास चार ओळी जरूर लिहा.’ या ‘आवडल्यास’मध्ये सारी मेख आहे. आवडले नाही तर लिहू नका, असा तिचा अर्थ आहे आणि तो सगळ्यांना कळतो. परिणामी जे पुस्तक दहा जणांना पाठवले आणि सातांना आवडले नाही, त्याविषयी तीन प्रशंसापर लेख दिसतात, सात मौने दिसत नाहीत. यात कोणीही खोटे बोललेले नसते. तरीही वाचकापुढे येणारे एकूण चित्र खोटे असते.

या खोटेपणाची किंमत कोण मोजतो, हे आंबिवलीत राहिल्यामुळे मला जरा जवळून दिसते. कल्याणहून कसाऱ्याच्या दिशेने दुसरे स्थानक आमचे. पुस्तक हातात घेऊन, चार पाने वाचून, पटले तर विकत घ्यावे असे दुकान इथे माझ्या पाहण्यात नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे, दोन स्थानकांवर आहे, आणि इथल्या कित्येकांचे वाचन त्याच्यावरच पोसलेले आहे. पण नवे पुस्तक ताबडतोब हवे असेल तर ते न पाहताच मागवावे लागते. म्हणजे शहरातला वाचक जे काम दुकानात उभ्या उभ्या बोटांनी करतो, ते काम आमच्यासाठी परीक्षणाने करायचे असते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मोहोन्याच्या एनआरसी कारखान्यात होते. तो कारखाना २००९ साली बंद पडला, तेव्हा ती जेमतेम शाळेत जाऊ लागली असेल. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने एक चारशे रुपयांची कादंबरी मागवली, कारण तिने वाचलेल्या प्रत्येक परीक्षणात तिला ‘आपल्या काळाचा दस्तऐवज’ म्हटले होते. कादंबरी वाचून झाल्यावर ती मला एवढेच म्हणाली, “सर, ह्या लोकांनी आणि मी एकच पुस्तक वाचलंय ना?”

प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, म्हणून तो मी वर्गासमोर ठेवला. त्या कादंबरीवरची आंतरजालावर सापडतील तेवढी परीक्षणे मुलांनी गोळा केली आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकुराशेजारी ठेवली. मग प्रत्येक परीक्षणात मलपृष्ठावर नाही असे एखादे वाक्य शोधायचे होते. कादंबरीच्या उत्तरार्धातला एखादा प्रसंग, एखाद्या पात्राचे नाव, भाषेविषयीचे एखादे निरीक्षण, काहीही. बऱ्याच परीक्षणांत मुलांना असे काही सापडले नाही. उत्तरार्धात निवेदक बदलतो, ही त्या कादंबरीतली सर्वांत ठळक गोष्ट. ती एकानेच नोंदवली होती आणि त्याला कादंबरी फारशी आवडली नव्हती. बाकीच्यांनी विशेषणे तेवढी आलटून पालटून वापरली होती. यातली काही परीक्षणे माणसाऐवजी यंत्राकडून लिहून घेतलेली असावीत, असा मुलांचा संशय होता. तो खरा असेल किंवा नसेलही. मला वाटले, पुस्तक न वाचता लिहिणाऱ्या माणसाचे काम यंत्र अधिक नेटकेपणे करणार, हे उघडच आहे. ज्या परीक्षणाला वाचनाची गरजच नाही, त्याला माणसाची गरज कशी उरावी?

परीक्षणाचा दर्जा आणि परीक्षणाची नीती या दोन गोष्टी आपण वेगळ्या कप्प्यांत ठेवतो. दर्जा म्हणजे व्यासंग, शैली, मर्मदृष्टी. नीती म्हणजे पैसे न घेणे, मैत्री न पाहणे. पण न वाचता लिहिणे हा आधी नीतीचा भंग आहे आणि मग दर्जाचा. दोहोंचा उगम एकच: आपण ज्या वस्तूविषयी बोलत आहोत, तिच्याशी आपला खरा संबंध काय आहे, हे वाचकापासून लपवलेले असते. मैत्री लपवलेली असेल, फुकट आलेली प्रत लपवलेली असेल, किंवा न केलेले वाचन लपवलेले असेल. लपवण्याची क्रिया एकच.

आणि केवळ प्रशंसेतूनच लपवता येते असे नाही. मराठी परीक्षणाच्या इतिहासातले याचे सर्वांत मोठे उदाहरण निंदेचे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकहाती काढले. मराठी गद्याला त्यांनी जी ऐट दिली ती नाकारण्यात अर्थ नाही. पुस्तकाची चिकित्सा हे गंभीरपणे, सविस्तर आणि निर्भीडपणे करण्याचे काम आहे, ही जाणीव रुजवण्यातही त्यांचा वाटा मोठा आहे. पण त्याच ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’चा आणि सत्यशोधक समाजाच्या अहवालाचा समाचार घेण्याची वेळ आली, तेव्हा शास्त्रीबोवांनी काय केले? त्यांनी व्याकरणाच्या चुका काढल्या, भाषेची टर उडवली आणि लेखकाच्या जातीकडे बोट दाखवले. १८७३ सालच्या त्या पुस्तकात जे म्हटले होते, म्हणजे शेकडो वर्षे एका समाजाला ज्ञानापासून आणि माणूसपणापासून कसे दूर ठेवले गेले, त्याला भिडण्याचे टाळले. व्याकरण खरोखरच चुकलेले असू शकते. चूक दाखवण्याचा अधिकारही परीक्षकाला आहे. पण पुस्तकाने ज्या व्यवस्थेवर आरोप ठेवला होता, त्या व्यवस्थेत परीक्षक स्वतः कुठे उभा आहे, हे शुद्धलेखनाच्या लाल शाईखाली झाकले गेले. निर्भीडपणा हा परीक्षकाचा गुण खराच, पण भीड नसणे म्हणजे हितसंबंध नसणे नव्हे. आज आंतरजालावर कठोर परीक्षण हीच प्रामाणिकपणाची खूण मानण्याची एक रीत पडली आहे. एखाद्या नवख्या लेखकाला सोलून काढले की टाळ्या पडतात. अशा वेळी हे जुने प्रकरण आठवावे. दीडशे वर्षांनी ‘गुलामगिरी’ आपण वाचतो ती तिच्यातल्या म्हणण्यासाठी. तिच्यावरची टीका वाचतो ती टीकाकार काय पाहू शकला नाही हे समजून घेण्यासाठी.

दुसरा मुद्दा नावाचा. टोपणनावाने लिहिलेले परीक्षण अनैतिक असते, असे सरसकट म्हणता येणार नाही. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मधली परीक्षणे १९७४ पर्यंत निनावीच छापली जात. आपल्याकडे ‘ललित’मधून ‘ठणठणपाळ’ या नावाने जयवंत दळवींनी वर्षानुवर्षे भल्याभल्या लेखकांची खिल्ली उडवली आणि त्या लेखकांनीही ती चवीने वाचली. पण या दोन्ही ठिकाणी टोपणनावामागे एक खरे नाव उभे होते, ते म्हणजे संपादकाचे. कोणी लिहिले हे वाचकाला ठाऊक नसले तरी संपादकाला ठाऊक होते. परीक्षक लेखकाचा मेहुणा आहे की प्रतिस्पर्धी, हे तपासणे त्याचे काम होते आणि अन्याय झाला तर दाद मागायला पत्ता होता. आंतरजालावर टोपणनावे आली आणि संपादक वजा झाला. म्हणजे बुरखा राहिला, पण त्याच्यामागच्या माणसाची हमी घेणारे कोणी उरले नाही.

मालकीचेही तसेच. ‘ललित’ १९६४ साली निघाले ते मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी काढले. पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक असलेल्या माणसाने पुस्तकांविषयीचे मासिक चालवावे, यात आजच्या कठोर निकषांनी हितसंबंधांचा गुंता दिसेल. पण तो गुंता मुखपृष्ठाइतका उघड होता. वाचक ते मासिक कोणाचे आहे हे जाणून वाचत असे आणि मजकूर आपल्या तराजूत तोलून घेत असे. आज एखाद्या संकेतस्थळावरचा लेख परीक्षण म्हणून लिहिलेला आहे की प्रकाशकाने जाहिरातीच्या पैशांत बसवलेला, हे ओळखण्याची कोणतीही खूण अनेकदा वाचकापाशी नसते.

गंमत अशी की, साबण आणि चेहऱ्याची मलमे विकणाऱ्यांना जो नियम लागू झाला, तो आम्हा साहित्यिकांना सुचलाही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वस्तूची भलावण करणाऱ्याचा उत्पादकाशी आर्थिक किंवा अन्य संबंध असेल तर तो उघड करावा, असे त्यांत आहे. जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील भलावणीसाठी वेगळ्या सूचना आल्या. फुकट मिळालेली वस्तू हासुद्धा असा संबंधच मानावा आणि तो साध्या, सहज दिसेल अशा शब्दांत सांगावा, असे त्या सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत, यांविषयीचे ते मानक स्वेच्छेने पाळायचे आहे. कवितासंग्रहाच्या परीक्षकावर कोणी दंड ठोकावा असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण शाम्पूच्या बाटलीबाबत जे सांगणे सरकारला आवश्यक वाटले, ते ‘साभार पोच’ सदर कोणत्याही कायद्याविना सांगत होते, एवढे लक्षात घ्यावे.

याउलट दुसरे एक औषध चित्रपटव्यवसायाने सुचवून पाहिले आहे, ते तोंड बांधण्याचे. केरळमध्ये ठरवून केलेल्या वाईट परीक्षणांविरुद्धच्या तक्रारी २०२३ साली उच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि प्रदर्शनानंतर अठ्ठेचाळीस तास परीक्षणे थोपवण्याची सूचना पुढे आली. तमिळ निर्मात्यांनी पहिल्या तीन दिवसांसाठी ऑनलाइन परीक्षणांवर बंदी मागितली, ती मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये नाकारली. ती नाकारली गेली हे बरेच झाले. पैसे घेऊन लिहिलेले परीक्षण तीन दिवस उशिरा आले म्हणून ते प्रामाणिक होत नाही, आणि तिकीट काढून चित्रपट पाहिलेल्या माणसाला मात्र विनाकारण गप्प बसावे लागते. गरज वेळेच्या बंधनाची नाही. बोलणारा कोठून बोलतो आहे, हे कळण्याची आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. मराठी साहित्यविश्व लहान आहे. कोण कोणाला ओळखत नाही? ज्यांच्या पुस्तकावर लिहायचे त्यांनी कधीतरी आपला शोधनिबंध तपासलेला असतो, किंवा उद्या आपल्या विद्यार्थ्याच्या मुलाखतीला त्या समितीवर असणार असतात. पूर्ण तटस्थ परीक्षक शोधायचा म्हटला तर परीक्षणेच बंद पडतील. मान्य. म्हणूनच तटस्थतेची शपथ घेण्यापेक्षा संबंधाची नोंद करणे अधिक शहाणपणाचे. शिवाय प्रस्तावना, प्रकाशन समारंभातले भाषण आणि परीक्षण हे तीन वेगळे प्रकार आहेत, याचे भान आपण राखले तरी पुष्कळ होईल. प्रस्तावनाकार हा पुस्तकाच्या घरचा माणूस, समारंभातला वक्ता हा पाहुणा. दोघांनीही गोड बोलावे हा शिष्टाचार आहे, त्यात गैर काही नाही. परीक्षक मात्र वाचकाचा माणूस. समारंभातले भाषण जसेच्या तसे परीक्षण म्हणून आंतरजालावर चढवले जाते, तेव्हा पाहुणा वाचकाचा माणूस असल्याचे भासवत असतो.

राहिली पुसून टाकण्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका संकेतस्थळासाठी मी एका चरित्रग्रंथाचे परीक्षण लिहिले होते. त्यात सनावळीतल्या विसंगती पृष्ठक्रमांकांसह दाखवलेले दोन परिच्छेद होते. लेख आठवडाभर दिसला, आणि नंतर एके दिवशी ते दोन परिच्छेद नाहीसे झालेले आढळले. खाली नाव माझेच, तारीखही तीच. विचारले तेव्हा उत्तर आले, “सर, थोडं एडिट केलं, मूळ आशय तोच आहे.” आशय तोच नव्हता. चरित्र वाचनीय असले तरी विश्वासार्ह नाही, हे माझे म्हणणे होते. आता फक्त वाचनीय उरले होते. मी लेख काढून टाकायला सांगितला, तेवढे त्यांनी लगेच केले. पण त्या आठवड्यात आणि त्यानंतर ज्यांनी तो वाचला, त्यांनी दोन वेगवेगळी मते माझी म्हणून वाचली आणि आज दोहोंचाही मागमूस नाही. छापील अंकात संपादक मजकूर कापतो, पण छपाईच्या आधी. छापल्यावर चूक निघाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती येते आणि मूळ चूकही ग्रंथालयात राहते. आंतरजालावरील मजकूर बदलता येतो हा त्याचा गुणच आहे, चुका सुधारण्यासाठी त्याचा उपयोग करावा. पण काय बदलले, केव्हा आणि कोणी, हे लेखाच्या तळाशी एका ओळीत सांगण्यास काय हरकत आहे?

हल्ली मी वर्गात परीक्षणलेखन शिकवतो तेव्हा लेखाच्या शेवटी मुलांकडून एक छोटी पोच लिहून घेतो. पुस्तक कोठून मिळाले: विकत, वाचनालयातून, की भेट. लेखकाशी, प्रकाशकाशी ओळख असल्यास ती काय. पुस्तक पूर्ण वाचले का, आणि कोणती आवृत्ती. मत बनवण्यास ज्या पानांचा आधार घेतला त्यांचे क्रमांक. नंतर काही बदलले असल्यास तारीख. एवढेच. एका विद्यार्थ्याने हरकत घेतली की, ‘लेखक माझे मित्र आहेत’ असे लिहून मग मनसोक्त स्तुती करायला लोक मोकळेच झाले. ते होईलही. पोच लिहिल्याने पाप धुतले जात नाही. पण मित्राने केलेली स्तुती मित्राची म्हणून वाचण्याची संधी वाचकाला मिळते, आणि पुष्कळदा असे होते की, ती ओळ लिहावी लागणार हे ठाऊक असले म्हणजे लिहिणाऱ्याचा हात आपोआप सांभाळून चालतो. पृष्ठक्रमांक द्यायचा म्हटले की पान उघडावे लागते, आणि पान उघडले की मलपृष्ठावर भागत नाही.

त्या कादंबरीवर माझ्या विद्यार्थिनीनेही परीक्षण लिहिले. पूर्वार्धातली आईची व्यक्तिरेखा तिला मनापासून आवडली होती आणि तिने ती चांगली उलगडून दाखवली होती. उत्तरार्धात निवेदक बदलल्यावर ही आई केवळ सोशिक उरते, हे तिने तीन पानांचे दाखले देऊन मांडले. कारखाना बंद पडलेल्या घरातली आई अशी गप्प राहत नाही, हे आपण आपल्या घरावरून म्हणत आहोत, हेही तिने स्पष्ट लिहिले होते. खाली पोच होती: ‘पुस्तक मी चारशे रुपयांना विकत घेतले. लेखकाला ओळखत नाही. पूर्ण वाचले, उत्तरार्ध दोनदा. माझे वडील गिरणगावातले नसले तरी बंद कारखान्यातले कामगार आहेत, त्यामुळे मी पूर्ण तटस्थ नाही.’